गुंडप्पाचा जामीन

आटपाट बेंबळी होती. तिथं शांतलिंग नावाचा एक दुकानदार होता, त्याची बायको रुद्रम्मा होती, आणि दोघांवर लक्ष ठेवायला त्याची आई चन्नम्मा होती. राज्य निजामाचं होतं, लढाई जर्मनाची होती, आणि राकेल कुणाकडंच नव्हतं. शांतलिंगाच्या दुकानात गूळ होता, मीठ होतं, गळ्यात लिंग होतं, दावणीला म्हैस होती. नव्हतं ते एकच. आढ्याला टांगलेल्या पाळण्यात चन्नम्मा कांदे ठेवायची.

शांतलिंग माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडाला दार नव्हतं. पोटात काही ठरायचंच नाही. मुलगी बघायला गेला तेव्हा रुद्रम्माच्या बापाला यानंच आपणहून सांगितलं, "मामा, म्या लई घोरतो, आत्ताच सांगून ठिवतो." (तरी मुलगी दिली. बाप कानानं अधू होता.) गिऱ्हाईक गूळ घ्यायला आलं की म्हणायचा, "ह्यो मागल्या सालचा हाय, मुंग्या झटकून ठिवलाय." गावात काही जाहीर करायचं असलं तर दवंडी पिटायची गरज नसे. शांतलिंगाच्या कानात सांगायचं आणि वर म्हणायचं, कुणाला बोलू नकोस.

अशा माणसाला एक दिवस रुद्रम्मानं गुपित सांगायचं ठरवलं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

"अहो, बार्शीला निघालाय नव्हं?"

"व्हय, गुळाचा भाव बघून येतो."

"नागम्मा मावशींकडं उतरा. अन् येताना…" ती जवळ आली, पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "त्यांच्या देवळीतला गुंडप्पा घिऊन या."

बायांना ठाऊकच आहे, पण पुरुषमाणसं ऐकत असतील म्हणून सांगते. बारशाला पाळण्यात आधी पोर घालत नाहीत. आधी वरवंटा घालतात. त्याला न्हाऊमाखू घालायचं, काजळाचे डोळे काढायचे, कुंची चढवायची, आणि पाळण्याच्या खालून-वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचा. मग बाळ. आमच्या भागात त्या वरवंट्याला गुंडप्पा म्हणतात. बाळाचा तो थोरला भाऊ. दगडाचा आहे, बाळाच्या वाटची दृष्ट तो घेतो. आणि ज्या घरचा गुंडप्पा सारखा पाळण्यात चढतो, तो चोरून आणून आपल्या देवळीत ठेवला की आपलाही पाळणा हलतो. पण आणायचा नवऱ्यानं. घरच्या धनिणीनं बघूनही न बघितल्यासारखं करायचं. आणि पोर पाळण्यात पडेपर्यंत नेणाऱ्यानं आणि देणारीनं त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बोललं की फळ गेलं. बारसं उरकलं की नवी कुंची घालून, गूळखोबरं ठेवून, ज्या हातानं आणला त्याच हातानं परत करायचा.

"चोरी?" शांतलिंगाचे डोळे मोठे झाले. "म्या?"

"चोरी न्हाय वो. रीत हाय."

"मग मावशीला मागून आणतो की."

"मागितलेला चालत न्हाय."

"मग आधी सांगतो, मावशी, तिकडं तोंड करा, म्या चोरतोय."

रुद्रम्मानं कपाळाला हात लावला. "तुमच्यानं हुयाचं न्हाय. तुमचं त्वांड हाय का गावची वेस हाय? कायबी येतंय, कायबी जातंय." असं म्हणाली खरी, पण डोळे भरून आले. शांतलिंगाला बायकोचं रागावणं चालायचं, डोळे भरलेले चालायचे नाहीत. तो म्हणाला, "आणतो. अन् बोलत न्हाय. लिंगाची आण."

रुद्रम्मानं त्याच्या हातावर एक सुपारी ठेवली. अख्खी, न फोडलेली. "बोलावंसं वाटलं की ही गालात धरा."

बार्शी म्हणजे इंग्रजाचा मुलूख. बेंबळीची माणसं येडशीला छोट्या आगगाडीत बसायची, पांगरी आली की राजा बदलायचा. नाणं बदलायचं, पोलिसाचा पटका बदलायचा. नागम्मा मावशीचं घर मात्र दोन्ही राज्यांत ठाऊक होतं, कारण त्या घरातला पाळणा कधी थांबत नसे. सुना, लेकी, नाती. एक उठली की दुसरी बाळंतिणीच्या खाटेवर. गुंडप्पाला बिचाऱ्याला चटणी वाटायला सवडच नव्हती. म्हणून मावशीनं त्याला कायमची कुंची घातलेली, काजळकुंकू लावलेलं, आणि देवळीत बसवून ठेवलेलं.

शांतलिंग देवळीच्या आसपास घोटाळायला लागला तसं मावशीनं ओळखलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं मांजराला बोलायला लागली, "ह्या घरात कोण येतंय, कोण जातंय, माझं बाई लक्षच नसतंय." मांजर घरात नव्हतंच. शांतलिंगानं सुपारी गालात कोंबली, गुंडप्पा उचलला, बंडीच्या आत पोटाशी धरला आणि सुटला.

दारातच मावशीचा जावई भेटला.

हा अण्णाराव. मुंबईत वाढलेला, नुकताच बार्शीच्या कोर्टात कारकून होऊन सासरीच राहायला आलेला. मोठा सरळ माणूस, पण स्वयंपाकघर म्हणजे जिथून ताट येतं ती जागा, एवढंच त्याला माहीत. आल्या दिवसापासून देवळीत ती कुंकू ल्यालेली, काळ्याभोर डोळ्यांची मूर्ती बघून तो रोज कोर्टात जाताना हात जोडायचा. घरातल्या बाया पदरात हसायच्या, पण जावयाला कोण सांगणार? (आणि त्याला मधेच बढती मिळाली. त्यामुळं श्रद्धा पक्कीच झाली.)

"काय शांतलिंगराव, लगेच निघालात? आणि पोटाला काय झालं?"

"हं," शांतलिंग म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याचं बोलणं एका अक्षरात संपलं. अण्णारावाला तिथंच संशय आला.

तो आत गेला, हात जोडले, डोळे उघडले, तर समोर रिकामी देवळी. पोरं गलका करत होती, "गुंडप्पा न्हाय! आपला गुंडप्पा गेला!"

"सासूबाई, घरातला देव चोरीला गेला!"

आता नागम्मानं काय बोलावं? खरं सांगावं तर रुद्रम्माचं फळ जातं. ती म्हणाली, "द्याव कुठं जातोय जावईबापू? फिरून यील." सासूला धक्का बसलाय असं समजून अण्णारावानं तिला पाणी दिलं आणि तसाच ठाण्यात पळाला. साध्या चोरीला कोण विचारतं? पण देवाची चोरी, आणि चोर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, पळालेला. साहेबानं वारंटावर सही ठोकली.

इकडं बेंबळीत गुंडप्पा देवळीत बसला. चन्नम्मानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा सुनेकडं बघितलं, आणि पाळण्यातले कांदे काढून टोपलीत ओतले. आणि बघा, गावात सुगीची मळणी चालू होती तोवर रुद्रम्माला फोडणीचा वास सोसेना. शांतलिंग दुकानात बसल्या बसल्या उगीच हसायचा. गिऱ्हाईक विचारायचं काय झालं, की सुपारी गालात.

आणि एका बाजारच्या दिवशी बार्शीचा उत्तरेश्वर हवालदार वारंट घेऊन दारात उभा राहिला.

"शांतलिंग कोण? चला. चोरलेला देव घ्या अन् चला."

रुद्रम्मा देवळीपुढं जाऊन उभी राहिली. चन्नम्मानं हातातलं मुसळ खाली ठेवलं नाही. तेवढ्यात पोलीसपाटील बलभीम धावत आला.

"हवालदार, वाईच दमानं. ही मोगलाई हाय. पांगरीच्या अल्याड तुमचं वारंट म्हंजी पतंगाचा कागूद."

"म्हंजे आरोपी देत न्हाय तुमी?"

"द्यायला त्यो काय भोपळा हाय? माणूस एका राजाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हंजी त्याची काय रीत असंल का न्हाय? धाराशिवला अमीनसाहेबाकडं चला."

निघाली वरात. पाटील, हवालदार, शांतलिंग, चन्नम्मा, आणि बैलगाडीत मांडीवर गुंडप्पा घेऊन रुद्रम्मा. पाटील वाटभर विचारत होता, "शांत्या, आरं त्या गठुड्यात हाय काय? एकदा सांग, हितंच मिटवू." शांतलिंगाच्या गालातली सुपारी इकडून तिकडं फिरत होती. एका वाक्याचं काम. साहेब, हा चटणीचा वरवंटा आहे. हवालदार हसला असता आणि चहा पिऊन परत गेला असता. ते वाक्य शांतलिंगाच्या जिभेवर येऊन उड्या मारत होतं. पण गाडीला गचका बसला की रुद्रम्मा एक हात गुंडप्पावर ठेवायची आणि एक आपल्या पोटावर. ते बघितलं की तो वाक्य गिळायचा.

अमीनसाहेब म्हणजे निजामाचे फौजदार, पिकल्या दाढीचे, आवाजाचे मऊ. त्यांनी वारंट उलटं केलं, सुलटं केलं.

"हवालदार, ये कागज दुसऱ्या इलाख्याचा. ह्याच्यावर माणूस दिला तर माझी नोकरी जाईल. बार्शीच्या साहेबानं सोलापूरला लिहायचं. सोलापूरनं वर मुंबईला. मुंबईनं हैदराबादला बसलेल्या इंग्रजाच्या रेसिडेंटसाहेबाला. रेसिडेंटसाहेब आमच्या सरकारला लिहील. सरकारची मंजुरी सुभ्यावरनं माझ्याकडं आली, की मी हा माणूस हद्दीवर आणून तुमच्या हातात देईन अन् पावती घेईन. जसा दिला तसा. एक बाल बाका नहीं होना."

"अन् तवर?"

"तोपर्यंत कोठडी. नाहीतर जामीन." मग शांतलिंगाकडं वळून, "काय मियाँ, देव चोरला?"

शांतलिंग गप.

"नाही चोरला?"

शांतलिंग गप.

पाटील घाबरला. "साहेब, ह्याला काय तरी झालंय वो. ह्यो झोपंतबी बोलतोय. वैद्य बलवा."

"गठुडं उघडा," हवालदार म्हणाला. रुद्रम्मानं गुंडप्पा छातीशी धरला. अमीनसाहेबांनी हात वर केला. "ठहरो. दुसऱ्याच्या देवाला असा हात लावू नये. बाई, तुम्ही आत घरात जा, पाणी प्या. ऊन झालंय."

कचेरीला लागूनच साहेबांचं घर. आत बेगमसाहेबांनी रुद्रम्माला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. कुंचीतून काजळाचे दोन डोळे दिसत होते ते बघितलं. रुद्रम्माचं तोंड बघितलं. गठुडं कसं धरलंय ते बघितलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "पहिलं?"

रुद्रम्मानं मान खाली घातली.

बेगमसाहेबांनी नवऱ्याला आत बोलावणं धाडलं. आत काय बोलणं झालं ते दाराच्या पडद्याला माहीत. साहेब बाहेर आले ते मिशी चोळत. "मला काही माहीत नाही," ते म्हणाले, "आणि जाणून घ्यायचंही नाही. आरोपीला जामीन मंजूर. मुद्देमालसुद्धा मंजुरी येईपर्यंत जामीनदाराच्या घरीच राहील. कुणी उघडायचा नाही, कुणी हलवायचा नाही. मोहर लावा."

लाखेची लाल मोहर कुंचीच्या गाठीवर बसली. गुंडप्पाच्या कपाळावर जणू आणखी एक कुंकू लागलं.

"जामीनदार कोण?"

चन्नम्मा पुढं झाली. "म्या. माळावरचं शेत माझ्या नावावर हाय, माझ्या बापानं दिल्यालं."

"अम्मा, पोरगा पळून गेला तर शेत सरकारजमा होईल."

"पळंल? ह्यो?" चन्नम्मानं लेकाकडं बघितलं. "साहेब, ह्यो अजून अंधार पडल्यावर गोठ्यात जायचं तर मला दिवा घिऊन संगं बलवतोय. ह्यो पळायचा झाला तर आधी मलाच हाक मारील, अव्वा, म्या पळतोय, दिवा धर."

कचेरी हसली. शांतलिंगाला यावर बोलायला पुष्कळ होतं, पण सुपारी मोठी होती.

जामिनाची अट अशी होती, की आरोपीनं गावची शीव ओलांडायची नाही. साहेबांची अट गावापुरती होती; चन्नम्मानं ती उंबऱ्यापर्यंत आणली. शेत तिचं होतं ना! दुकानाच्या फळीवरून जरा वाकून रस्त्यात बघितलं तरी आतून आवाज यायचा, "शांत्या, कुठं निगालास?" बाजारहाट बंद, पारावरच्या गप्पा बंद. मग माणूस करणार काय? घरातलं करायला लागला. आधी पाणी भरलं. मग जात्याचा खुंटा धरला. रुद्रम्माला भाकरीच्या धुराचा त्रास व्हायला लागला तसा चुलीपुढं बसला. त्याची पहिली भाकरी म्हशीनंही हुंगून सोडून दिली. (दुसरी तिनं खाल्ली. म्हैस मायाळू होती.) दुपारी रुद्रम्माचे पाय सुजायचे, तर हा कोमट पाण्यात मीठ घालून घमेलं तिच्यापुढं ठेवायचा आणि शेजारी बसायचा. ज्याला एवढ्या वर्षांत बायकोजवळ दोन घटका बसायला फावलं नव्हतं, त्याला दोन सरकारांनी मिळून बसवून ठेवलं होतं.

आणि बेंबळीतल्या झाडून सगळ्या बायांना सगळं ठाऊक होतं. पाण्याला जाताना त्या देवळीकडं बघायच्या, रुद्रम्माकडं बघायच्या, आणि हसून पुढं जायच्या. बार्शीच्या बायांनाही ठाऊक होतं. दोन्ही राज्यांतल्या बायांना ठाऊक, आणि दोन्ही राज्यांतल्या साहेबलोकांना पत्ता नाही. कागद मात्र फिरत होता.

त्याची खबर उत्तरेश्वर हवालदार आणायचा. आरोपी जाग्यावर आहे का बघायला त्याला अधूनमधून यावं लागायचं. पहिल्यांदा आला तो दारात उभा राहिला. मग ओट्यावर बसला. मग चन्नम्मानं भाकरी वाढली. पुढं पुढं येताना तो रुद्रम्मासाठी बार्शीच्या चिंचा आणायला लागला.

"कागूद कुठवर आलाय?" चन्नम्मा विचारायची.

"सोलापूर सोडलं. पण आजी, तिथल्या कारकुनानं 'देव' खोडून 'पुरातन मूर्ती' केलंय."

पुढच्या खेपेला म्हणाला, "मुंबैला गेला. तिथं कुणी तरी लिवलंय, सोन्याचे डोळे हायती म्हनून."

मग कागद हैदराबादला गेला, इंग्रजीचं उर्दू झालं, आणि उर्दूत मूर्ती पुरुषभर उंच झाली. शांतलिंगाची टोळी झाली. टोळीकडं घोडी आली. इकडं रुद्रम्माचं पोट वाढत होतं, तिकडं कागदातला देव वाढत होता. देवळीतला गुंडप्पा तेवढा होता तेवढाच.

एके दिवशी हवालदार ओट्यावर भाकरी मोडत बसला होता, त्यानं घास खाली ठेवला. "शांतलिंग, मला लेकरू न्हाय. म्हनून सांगतो, भावासारखं. मंजुरी आली की मला तुला न्यावंच लागंल. बेड्या घालून. ही माउली अशी अवघडल्याली, अन् तू तिकडं कोठडीत. काय घडलं त्ये एकदा सांग. एका शब्दानं सुटशील."

आतून रुद्रम्मानं ऐकलं. तिच्या हातातलं सूप थांबलं.

शांतलिंगानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. ते वाक्य आता जिभेवर राहायलाच आलं होतं, बिऱ्हाड करून. त्यानं हवालदाराकडं बघितलं, देवळीकडं बघितलं, दाराआड दिसणाऱ्या सुजलेल्या पावलांकडं बघितलं, आणि कडकन दात आवळले. सुपारी फुटली नाही. दाढ फुटली.

हवालदार गेल्यावर रुद्रम्मा बाहेर आली. गाल सुजलेला बघून तिनं हळदीचं बोट लावलं. "लई जड जातंय का वो?"

हिच्याशी बोललं तर चालतं का नाही, हे शांतलिंगानं विचारून घेतलं नव्हतं. उगाच जोखीम नको.

"न्हाय," तो म्हणाला. "दाढ दुखतीया."

तिनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. जन्मभर बडबडलेल्या माणसाचं एवढं मोठं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग शर्यत लागली. मंजुरी हैदराबादहून निघाली, सुभ्यावर आली, म्हणे धाराशिवच्या वाटेवर आहे. इकडं सुईण घरात येऊन बसली. चन्नम्मा दारात उभी राहून एकदा रस्त्याकडं कान द्यायची, एकदा आतल्या खोलीकडं. शांतलिंग अंगणात म्हशीच्या गळ्यात हात घालून उभा. म्हशीला सांगितलं तर चालेल का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात आतून रडणं आलं. बारीक, पण ठणठणीत. बापावर गेलेलं.

"लक्षुमी आली रं शांत्या!" चन्नम्मा ओरडली. "कागूद हरला!"

पण बारसं व्हायचं होतं. पोर पाळण्यात पडल्याशिवाय तोंड सुटायचं नव्हतं. बारशाच्या दिवशी पाळण्याला फुलं बांधली, कांद्याचा वास जावा म्हणून ऊद जाळला. रुद्रम्मानं लाखेच्या मोहरेसकट गुंडप्पा पाळण्यात घातला. बाया खालून-वरून त्याला देतायत, घेतायत, गाणं म्हणतायत. आणि दारात टांगा येऊन उभा राहिला. त्यातून अमीनसाहेब उतरले, उत्तरेश्वर हवालदार उतरला, देव ओळखायला म्हणून अण्णाराव उतरला, आणि मागून, मला टाकून कसे जाताय म्हणत, नागम्मा मावशी.

गाणं थांबलं. पण बायांचे हात थांबले नाहीत. रुद्रम्मानं कुणाकडं न बघता गुंडप्पा काढून कडेला ठेवला आणि लेकीला पाळण्यात निजवलं. मग दोरी धरून ती दाराकडं वळली.

अमीनसाहेबांनी मंजुरी वाचली. पुरुषभर उंच पुरातन मूर्ती, सोन्याचे डोळे, घोड्यांवरून आलेली टोळी. वाचता वाचता त्यांनी म्हशीकडं बघितलं.

अण्णारावानं मात्र दारातूनच ओळखलं. चपला काढल्या, पुढं आला, आणि भक्तीनं हात जोडले. "हाच! हाच आमचा देव!"

"जावईबापू," नागम्मा मावशी म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं अडवलेलं हसू तिला आवरेना, "पोर पाळन्यात पडली, आता बोलायला हरकत न्हाय. त्यो चटनीचा वरवंटा हाय."

हवालदाराच्या हातातल्या बेड्या खाली पडल्या. अण्णाराव जोडलेले हात तसेच धरून उभा राहिला. सोडावेत का नाही, त्याला कळेना.

"असू द्या वो," मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमास्नी बढती मिळाली का न्हाय? मग द्याव खोटा कसा?"

अमीनसाहेब खूप वेळ खोकले. मग दौत मागवून मंजुरीच्या पाठीवर लिहिलं, की या वर्णनाची मूर्ती या हद्दीत आढळली नाही, टोळी आढळली नाही, घोडे आढळले नाहीत. सबब आरोपी देण्याचं कारण उरलं नाही, जामीन मोकळा. लिहून झाल्यावर त्यांनी मोहर आपल्या हातानं फोडली आणि खिशातून एक रेशमी कुंची काढली. "बेगमनं शिवून ठेवली होती," ते म्हणाले. "केव्हाच."

पंगती बसल्या. उत्तरेश्वर हवालदार हात धुता धुता नागम्मा मावशीजवळ आला आणि जमिनीकडं बघत पुटपुटला, "मावशी, ह्यो परत तुमच्या घरी गेल्यावर… देवळी कुठल्या भिंतीला म्हनलात?"

मावशीनं भिंतीकडं तोंड केलं. "माझं बाई लक्षच नसतंय."

तर असा बेंबळीचा पाळणा हलला, चन्नम्माचं शेत चन्नम्माकडं राहिलं, आणि दोन राज्यांचा कागद फिरून फिरून एका लेकीच्या बारशाला जेवून गेला. तसाच ज्याच्या घरी रिकामा असेल त्याचा पाळणा हलो.

आणि शांतलिंग? त्यानं सगळ्यांच्या देखत ती सुपारी तोंडातून काढली. नऊ महिन्यांत झिजून वाटाण्याएवढी झाली होती. त्यानं ती कोनाड्यात ठेवली, धोतर सावरलं, अंगणाच्या मधोमध उभा राहिला. पाटील पुढं सरसावून बसला. सगळा गाव कान देऊन होता. शांतलिंगानं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"शूऽऽ!" पाळण्याजवळून तिघी एकदम म्हणाल्या. "आत्ता कुठं झोपलीया!"

शांतलिंगानं तोंड मिटलं आणि कोनाड्यातली सुपारी परत गालात धरली.